पाणसळ्यांचं चाकांचं टेबल

गल्लीतली माणसं त्यांना पाणसळे म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ऊनपावसानं अक्षरं उडून गेली आणि पाटी तेवढी राहिली. त्यांनी स्वतःच्या हातांनी लावलेली असल्यामुळे ती तसूभरही कलली नाही, ही गोष्ट ते अजूनही अभिमानानं सांगत. कोऱ्या पाटीवरून आडनाव ओळखायला गल्लीतले लोक काही अंतर्ज्ञानी नव्हते. पोस्टमनसुद्धा ‘पाणसळे, सुतार’ असा पत्ता लिहिलेली पाकिटं बिनबोभाट आणून टाकायचा.

नाव पडलं ते खिशातल्या वस्तूमुळे. काचेची नळी, नळीत पाणी, पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबला की खालची वस्तू समतल. अशी पाणसळ सगळ्याच सुतार-गवंड्यांकडे असते, पण बाकीचे काम झाल्यावर ती पिशवीत टाकतात. हे गृहस्थ ती शर्टाच्या खिशात बाळगत आणि जातील तिथे टेकवत. बँकेच्या काउंटरवर टेकवत, लोकांच्या जेवणाच्या टेबलावर टेकवत. एकदा हाडाच्या डॉक्टरांनी तपासायच्या पलंगावर झोपायला सांगितलं, तर यांनी आधी पलंग तपासला. डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतं? यांनी सांगितलं, डोक्याकडची बाजू दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर आहे. साडूंनी नवं घर बांधलं तेव्हा सगळे पाहुणे खिडक्यांचं कौतुक करत होते आणि हे स्वयंपाकाच्या ओट्यावर पाणसळ ठेवून मान हलवत उभे होते. तेव्हापासून साडू बोलावत नाहीत. पाणसळे म्हणतात, न बोलावू देत, ओटा अजून तसाच आहे.

आता अशा माणसाच्या वाट्याला दुकान कसलं यावं? घराला लागून, रस्त्यावर उघडणारी, दहा बाय चौदाची खोली. आधी तिथे लॉन्ड्री होती आणि लॉन्ड्रीवाल्यानं पाणी वाहून जावं म्हणून चारी बाजूंनी फरशी मधल्या जाळीकडे उतरती करून घेतली होती. थोडक्यात, त्या खोलीत छताखेरीज सपाट असं काहीही नव्हतं. दुसऱ्या कोणी फरशी फोडून नवी घातली असती. पाणसळ्यांनी मात्र तिच्याशी उभा दावा मांडला. प्रत्येक यंत्राच्या पायाखाली त्या त्या जागेच्या मापाच्या लाकडी पाचरी मारल्या. करवतीच्या टेबलाला चार, रंध्याच्या यंत्राला तीन, ड्रिलच्या स्टँडला दोन, आणि प्रत्येक पाचरीवर पेन्सिलीनं नंबर. सत्तावीस वर्षं त्या खोलीत एकही वस्तू जागची हलली नाही. सबंध गल्लीत सरळ असं जे काही आहे ते आपल्या दुकानात आहे, असं ते छातीठोकपणे सांगत, आणि ते खरंही होतं.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली मावशी म्हणे. सरकारी इस्पितळात त्या एकतीस वर्षं वॉर्डातल्या मावशी होत्या, त्यातली अठरा बाळंतिणींच्या वॉर्डात. नात्यानं पाहिलं तर पाणसळ्यांना काका म्हणायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते कोणाच्या तोंडून निघालं नाही. मावशींनी सारा जन्म चाकांच्या वस्तू ढकलण्यात घालवला. स्ट्रेचर, औषधांची गाडी, जेवणाची ट्रॉली, बाळांचे पाळणे. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःला एक स्कूटर घेतली, आणि ती रोज संध्याकाळी दुकानात, करवत आणि भिंत यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात मुक्कामाला येऊ लागली. पाणसळ्यांना ती डोळ्यांसमोर नको असे, कारण स्टँडवर लावली की ती डावीकडे कलत असे. तिच्याखाली घालायला त्यांनी एक पाचरही करून ठेवली होती. मावशींनी ती बंबात घातली.

घोडं अडलं ते राउटरपाशी. राउटर म्हणजे दोन्ही हातांत धरायची मोटर. तिच्या खाली गरगरणारं पातं असतं. फळीच्या कडेवरून ती नीट फिरवली की कड गोल होते, खाच पडते, नक्षी उठते. पाणसळ्यांचं सगळं नाव त्या यंत्रावर होतं. पण ते थरथरतं, आणि त्याची थरथर बोटांत शिरते. वीस वर्षं ती शिरत राहिली. आधी सकाळी उठल्यावर उजव्या हाताची बोटं पांढरी पडत. मग मुंग्या येऊ लागल्या. मग एक दिवस मुंग्याही यायच्या थांबल्या, तेव्हा पाणसळ्यांना बरं वाटलं, आणि थोड्या वेळानं त्यांनी बोटं एकमेकांवर घासून पाहिली. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं जागच्या जागी होती, पण त्यांना काही लागत नव्हतं.

ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही, आणि न सांगण्याचं कारण साधं होतं. पाणसळ ही मिरवायची वस्तू होती. खरं काम बोट करायचं. दोन फळ्यांच्या सांध्यावरून बोट फिरवून ते सांगत की ही फळी कागदभर वर आहे, आणि ती तेवढीच वर असे. डोळ्याला ते दिसत नाही, बुडबुड्याला तर मुळीच कळत नाही. ज्याला बोट नाही तो सुतार नाही, हे त्यांनी गेली वीस वर्षं बाकीच्या सुतारांना तोंडावर ऐकवलं होतं. आता हे वाक्य परत कोणत्या तोंडानं गिळायचं? म्हणून ते मूग गिळून बसले आणि पाणसळ आणखी जास्त ठिकाणी टेकवू लागले.

पण मावशींच्या नजरेतून काय सुटणार? एका सकाळी त्यांनी उकळता चहा स्टीलच्या पेल्यात ओतला. स्वतःचा पेला फडक्यानं धरला. पाणसळ्यांनी आपला पेला उजव्या मुठीत धरून आरामात अर्धा पेपर वाचला. त्याच दिवशी मावशींनी त्यांना स्कूटरवर मागे बसवून त्याच हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आधी पलंगाकडे एक हताश नजर टाकली आणि मग हात पाहिला. थरथरणारं यंत्र पुन्हा हातात धरायचं नाही, ते म्हणाले. न धरलंत तर जे गेलंय ते सावकाश परत येईल किंवा येणार नाही. धरलंत तर येणार नाही हे नक्की. सध्या बोटांना लागतं ना, असं त्यांनी विचारलं. पाणसळे म्हणाले, लागतं की, जरा मुंग्या येतात एवढंच.

घरी आल्यावर मावशींनी स्कूटरची किल्ली खुंटीला लावली आणि एका दमात निकाल दिला.

“राउटर टेबलाखाली बसवा, नाहीतर भंगारात द्या. आणि बोटांना खरंच काही लागत नसेल तर आत्ताच सांगा, मी दुकानाला कुलूप लावते. बधिर बोटांचा माणूस मी पात्याशेजारी उभा राहू देणार नाही. वॉर्डात अशी बोटं मी बशीत पाहिलीत.”

“लागतं म्हटलं ना,” पाणसळे म्हणाले.

म्हणजे दुकान चालू राहणार होतं ते एका थापेच्या जोरावर, आणि थाप टिकणार होती ती एका टेबलाच्या जोरावर. हातात कामही एकच होतं. वाचनालयाला वाचकांसाठी बारा टेबलं हवी होती. जुन्या टेबलांच्या धारदार कडांनी लोकांच्या कोपरांना ओरखडे पडत, म्हणून सगळ्या कडा गोल हव्या होत्या. ग्रंथपाल बाई शनिवारी नमुन्याची फळी पाहायला येणार होत्या. पसंत पडली तर काम, नाहीतर तयार पत्र्याची टेबलं विकत घ्यायची, असं त्यांच्या समितीनं ठरवलं होतं.

राउटर टेबलाखाली बसवायचा म्हणजे उलटा टांगायचा. मोटर खाली, पातं टेबलाच्या भोकातून वर डोकावणार. मग यंत्र जागेवर राहतं आणि फळी सरकवायची. थरथर टेबलाला, हाताला नाही. पण हे टेबल ठेवायचं कुठे? दुकानात मोकळी जागा एकच, आणि तिथे संध्याकाळी स्कूटर. म्हणजे टेबल हलवता यायला हवं. म्हणजे चाकं.

चाकं म्हटल्यावर पाणसळ्यांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. सत्तावीस वर्षं ज्या खोलीत पाचरसुद्धा हलली नाही, तिथे चाकं. मावशींना मात्र उत्साह चढला. इस्पितळाच्या भंगारातल्या जेवणाच्या ट्रॉल्यांची पाच चाकं त्यांनी ओळखीच्या स्टोअरकीपरकडून आणली, ब्रेकसकट. प्रत्येक चाक हातात धरून गरकन फिरवलं, कान लावला आणि एक बाजूला काढलं.

“हे नको, हे डावीकडे ओढतं. नऊ वर्षं ढकललंय मी याला.”

टेबलाचा वरचा पाट पाणसळ्यांनी झकास केला, त्यात वाद नाही. प्लायचे दोन थर चिकटवून वर लॅमिनेट लावलं. मधोमध एक चौकोनी खळगा कोरला. जुन्या मीटरच्या बोर्डाचा जाड बेकेलाइटचा तुकडा त्यात बसवायचा आणि त्या तुकड्याला खालून राउटर. तुकडा पाटाच्या बरोबरीला यावा म्हणून चार कोपऱ्यांत चार स्क्रू ठेवले. फिरवले की तो केसभर वर येतो नाहीतर खाली जातो. खळगा पटाशीनं साफ करताना त्यांना प्लायवर लाल ठिपके दिसले. हा लाल रंग कुठून आला म्हणून त्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग डब्यांकडे, आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या अंगठ्याकडे. त्यांनी त्यावर चिकटपट्टी लावली. मावशींनी विचारल्यावर सांगितलं, रंग आहे.

मग पायांची पाळी आली आणि इथे माणसाची सवय त्याला कशी खड्ड्यात घालते ते पाहण्यासारखं आहे. पाणसळ्यांनी सांगाडा स्कूटरच्या जागी उभा केला, वर पाणसळ ठेवली, बुडबुडा पळाला. त्यांनी एक पाय दोन सूत कापला. बुडबुडा दुसरीकडे पळाला. दुसरा पाय सूतभर कापला. असं चार दिवस चाललं. चौथ्या दिवशी बुडबुडा मधोमध असा उभा राहिला की त्याला श्वास घ्यायचीही परवानगी नसावी. सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड पायात पाच सुतांचा फरक पडला होता. मावशी दारात उभ्या राहून हे पाहत होत्या.

“अहो, याला चाकं लावायचीत ना?”

“मग?”

“काही नाही,” मावशी म्हणाल्या. चुकणाऱ्याला मध्येच टोकायचं नसतं, एकतीस वर्षं डॉक्टरांच्या मागे उभं राहून त्या हे एक नक्की शिकल्या होत्या.

चाकं लागली. संध्याकाळी स्कूटर आली. मावशींनी टेबल सरकन बाहेर ओढलं, करवतीपुढे उभं केलं, स्कूटर आत घेतली आणि सकाळी टेबल परत जागेवर ढकललं. फक्त ते फिरलं, डोकं होतं तिथे पाय आले. पाणसळ्यांनी वर पाणसळ ठेवली तर बुडबुडा नळीच्या टोकाला जाऊन चिकटला. पाणसळ बिघडली असं समजून त्यांनी ती करवतीच्या टेबलावर ठेवून पाहिली. ठणठणीत होती. मग ते खाली बसले, चारी पाय पाहिले, फरशी पाहिली, चाकं पाहिली आणि पाणसळ खिशात ठेवली. जन्मभर जागा पाहून पाय कापायची हाताला सवय. हातानं आपलं काम चोख केलं होतं. चाकाच्या वस्तूला जागा नसते, एवढंच त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आता शहाण्या माणसानं चारही पाय सारखे केले असते. पाणसळ्यांनी लाल रंगाचा डबा उघडला. फरशीवर चार चाकांचे चार गोल काढले, गोलांत एक ते चार आकडे घातले, चाकांवरही घातले, आणि पाटाच्या कडेला बाण काढून लिहिलं, ‘हे टोक जाळीकडे.’ साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर एकाच जागी उभं राहू शकेल असं फिरतं टेबल तयार झालं. समोरचा शिंपी ते बघायला दोनदा आला आणि दुसऱ्यांदा येताना भावालाही घेऊन आला. मावशी म्हणाल्या, स्ट्रेचरचंही असंच करायला हवं होतं, उगाच पेशंट इकडेतिकडे फिरले.

शुक्रवार उजाडला. पाणसळ्यांनी टेबल गोलांवर आणलं, बाण जाळीकडे केला, ब्रेक लावले, बुडबुडा पाहिला आणि सागाची पहिली फळी पाटावरच्या गाईडपट्टीला टेकवून सरकवली. निम्मी फळी लोण्यासारखी गेली. मग टक् करून अडली. ढकलली तर झटक्यानं पुढे गेली, पण थांबली होती तिथे कडेला काळा डाग पडला आणि खड्डाही. त्यांनी बुडबुडा पाहिला. मधोमध. दुसरी फळी घेतली. टक्. पातं बदललं. टक्. गाईडपट्टीला मेण लावलं. टक्. लाकूडच वाईट निघालं म्हणून वखारवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. विजेचा दाब कमी आहे म्हणून विजेच्या ऑफिसाचाही केला. अडत होती ती जागा त्यांना कळत होती. बेकेलाइटचा तुकडा आणि पाट मिळतात तिथे. तिथून त्यांनी बोट फिरवलं. सपाट होतं. पुन्हा फिरवलं. सपाटच. त्यांना सगळं जगच सपाट लागत होतं आणि त्याचीच त्यांना भीती वाटत होती.

सहाव्या फळीला जळक्या वासानं मावशी आत आल्या. त्यांनी सहा जळलेल्या फळ्या पाहिल्या, नवऱ्याचा घामेजलेला चेहरा पाहिला, राउटर बंद आहे ना ते पाहिलं आणि पाटावर सहज हात टेकला. हात सरकत सरकत बेकेलाइटच्या कडेशी थांबला.

“हे वर आलंय.”

“कुठे?”

“हे काय, इथे. पोस्टाचं तिकीट लावल्यासारखं लागतंय.” त्यांनी नवऱ्याचा हात ओढून तिकडे आणला. “लागतंय ना?”

“हं,” पाणसळे म्हणाले. “अगदी जरासं.” पण त्यांचं बोट त्या कडेपासून चार बोटं लांब होतं.

कुठे पाणी मुरतंय ते मावशींना तेव्हा कळलं. त्यांनी भिंतीतला प्लग उपटला, कोपऱ्यातलं खोकं पालथं करून त्यावर नवऱ्याला बसवलं आणि त्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली.

“डोळे मिटा. लागलं की सांगा.”

पाणसळ्यांनी डोळे मिटले. थोडं थांबून म्हणाले, लागलं. मावशींनी अजून पेन्सिल उचललीही नव्हती. ते पुन्हा म्हणाले, लागलं. मग मावशींनी पेन्सिलीचं टोक त्यांच्या पहिल्या बोटाच्या पेरावर ठेवलं आणि दाबलं. पाणसळे गप्प. आणखी दाबलं. पाणसळे गप्पच, चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलाची आशा. मावशी म्हणाल्या, उघडा आता. त्यांनी डोळे उघडले आणि स्वतःच्या बोटात रुतलेलं पेन्सिलीचं टोक पाहिलं.

त्यांनी बोट मागे घेतलं. मग म्हणाले, “तीन महिने झाले. अंगठा आणि ही दोन. काहीच लागत नाही. तू कुलूप लावशील म्हणून बोललो नाही.”

मावशींना राग आला. इतका की हातातली पेन्सिल मोडली. तो चिकटपट्टीखालचा रंग त्यांना आता आठवला, आणि तीन महिने आपला नवरा करवतीपुढे उभा होता हेही आठवलं. त्या जाळीपाशी फरशीवरच बसल्या. नवरा खोक्यावर, बायको फरशीवर, मध्ये पेन्सिलीचे दोन तुकडे. उतारावरून त्यातला एक तुकडा गडगडत जाळीत गेला.

“दुकान नसलं तर मी काय करू?” पाणसळे म्हणाले. “मला भीती वाटते गं.”

पस्तीस वर्षांत हा माणूस कशाला भितो हे मावशींनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी पदराला नाक पुसलं आणि वॉर्डातल्या आवाजात चौकशी सुरू केली. फळी सरकवताना हात पात्यापासून किती लांब असतो? पाणसळ्यांनी लाकडाच्या दोन मुठी दाखवल्या. त्या मुठी धरून फळी ढकलायची, बोट वीतभर लांबच राहतं. थरथर? मावशींनी प्लग लावून राउटर चालू केला आणि स्वतःचे दोन्ही तळवे पाटावर ठेवून पाहिलं. मांजर गुरगुरावं एवढी. त्यांनी बंद केलं. मग अटी सांगितल्या. करवतीचा प्लग आजपासून मावशींच्या ताब्यात, करवत चालेल ती त्या समोर उभ्या असतानाच. हातातला राउटर कायमचा टेबलाखाली. आणि लागतं का असं विचारल्यावर खरं सांगायचं. पाणसळ्यांनी तिन्हीला मान डोलावली.

“आता ते स्क्रू कुठेत? तुम्ही खाली जा. मी बोट ठेवते, तुम्ही फिरवा.”

पाणसळे टेबलाखाली उताणे झाले. वरून हुकूम येत राहिले. अजून. अजून. थांबा, जास्त झालं, मागे. आता त्या कोपऱ्यात. अजून जरा. बास. चारही कोपरे झाल्यावर ते भुशानं माखलेले बाहेर आले आणि सवयीनं खिशाकडे हात नेला. खिसा रिकामा होता. टेबलाखाली शिरताना पाणसळ खिशातून निसटली होती, ती आता मावशींच्या कमरेला खोचलेली होती.

“ती कशाला आता?” मावशी म्हणाल्या.

“टेबल समतल नको?”

उत्तर म्हणून मावशींनी पायानं चारही ब्रेक उघडले, टेबल गोलांवरून ओढलं, अर्धं फिरवलं आणि उजेड बरा होता तिथे, दाराशी, उभं केलं. बाण रस्त्याकडे झाला. एक चाक अधांतरी राहिलं. मावशींनी हाताला लागली ती पाचर, नंबर न बघता, त्याच्याखाली लाथेनं सारली. पाणसळे कण्हले.

“सरकवा.”

त्यांनी सरकवली. टेबल तिरकं, पाट मात्र सपाट. फळीला सपाटी लागते, बुडबुडा लागत नाही, हे त्यांना चाळीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. मधल्या काळात बोटं गेली आणि धरायला बुडबुडा तेवढा हाताशी राहिला, म्हणून त्याला देव करून बसले होते. फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका सुरात गेली. कुठे अडली नाही, कुठे डाग नाही.

शनिवारी ग्रंथपाल बाई आल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बाही वर केली आणि उघडं कोपर फळीच्या कडेवरून दोनदा फिरवलं. काम पक्कं झालं. टेबल असं तिरकं का आहे, असं त्यांनी जाता जाता विचारलं. मावशी म्हणाल्या, तसंच असतं.

त्यानंतर सव्वा महिना तेच चाललं. सकाळी चहा झाला की मावशी म्हणत, डोळे मिटा. नवी पेन्सिल बोटावर येई. पाणसळे म्हणत, नाही. दुसऱ्या बोटावर येई. नाही. खरं सांगायला ते शिकले होते, जिवावर येई पण सांगत. मग दुकान उघडे. ते फळ्या सरकवत आणि प्रत्येक फळी मावशींच्या बोटाखालून जाई. मावशींच्या तोंडून दोनच शब्द निघत, ‘चालेल’ किंवा ‘परत’. परत म्हटलं की पाणसळे मुकाट्यानं परत करत. समोरच्या शिंप्यानं हा चमत्कार भावाला मुद्दाम बोलावून दाखवला. संध्याकाळी टेबल भिंतीला जाई आणि स्कूटर बरोबर त्या चार लाल गोलांच्या मध्ये, डावीकडे कलून, उभी राही.

बाराव्या टेबलाच्या शेवटच्या फळीवरून मावशींनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, चालेल. पाणसळ्यांनी ती फळी उचलली, पण ढिगावर ठेवली नाही. दाराशी उजेडात गेले, आपणहून डोळे मिटले आणि कडेवरून अंगठा फिरवला, मग पहिलं बोट, मग दुसरं. जन्मात इतकी चांगली गोलाई त्यांनी केली नव्हती आणि ती कशी झाली आहे हे त्यांना कळत नव्हतं.

“सांग ना,” ते म्हणाले, “कशी लागते?”

चालेल, असं मावशी पुन्हा म्हणणार होत्या. पण त्यांनी मिटलेले डोळे पाहिले आणि जवळ आल्या. फळीवरून पुन्हा एकदा, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट नेलं.

“बाळाची टाच असते ना पहिल्या दिवसाची,” त्या म्हणाल्या, “अजून जमिनीला न लागलेली. तशी लागते.”

पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोनं त्यांच्या कामाचं केलेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही मागून घ्यावं लागलं होतं. पाणसळ्यांनी फळी तशीच छातीशी धरली. मग त्यांनी डोळे उघडले, नाक ओढलं आणि आज दुसऱ्यांदा पेन्सिल लावून बघतेस का, असं विचारलं.